पिंपांवरचे दगड

"दहा वाजता तो इंजिनिअर येणार, भिंती बघणार आणि दाराला लाल फीत लावून जाणार," लोरिस म्हणाला. "मग आपल्याच घरात पाय टाकायची चोरी. तेव्हा काय आणायचं ते त्याच्या आत आणायचं."

"मग आणा की," दिर्चे म्हणाली. "मी नऊ दिवस दुसरं काय सांगतेय?"

अंगणातल्या दोन अक्रोडांना बांधलेल्या ताडपत्रीखाली गिदोनी कुटुंबाचा नाश्ता चालला होता. नाश्ता कसला, कालचे उरलेले, मैद्याचे तळलेले न्योक्को आणि मोर्तादेल्ला सॉसेजच्या चार चकत्या. गॅसच्या शेगडीवर कॉफीचं भांडं खदखदत होतं. शहाऐंशी वर्षांची दिर्चे आरामखुर्चीत ताठ बसली होती आणि तिच्यासमोर दोन खोक्यांवर तिचा हातभर लांबीचा पोळपाट आडवा ठेवलेला होता. भूकंपानंतर घरातून पहिली कुठली वस्तू बाहेर आली असेल तर हा पोळपाट आणि त्याचं लाटणं. कागदपत्रं, औषधं, चष्मा, सगळं मागाहून. पीठ लाटायला जागा नाही ते घर कसलं, असं म्हणून तिने लोरिसला आत पिटाळलं होतं.

घर समोरच उभं होतं, म्हणजे अजून तरी उभं होतं. धुराडं कोसळलं होतं आणि छपरापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत हाताचा पंजा जाईल एवढी भेग पडली होती. दिर्चेची थोरली लेक नीवेस त्या भेगेकडे बघायचं टाळायची. एकसष्ट वर्षांची झाली तरी तिचा सगळा जन्म त्याच भिंतींत गेला होता. लग्न केलं नाही, पोस्टात नोकरी केली, निवृत्त झाली, आणि आईच्या शेजारच्या खोलीतच राहिली. धाकटा भाऊ लोरिस मात्र बायको देआन्नाला घेऊन रस्त्याकडेच्या नव्या घरात राहत होता. आता जुन्या घरातले आणि नव्या घरातले सगळेच उघड्यावर झोपत होते. त्या रविवारी पहाटे चार वाजून तीन मिनिटांनी बास्साच्या सगळ्या सपाट मुलखात कुणाचाच छपरावर भरवसा उरला नव्हता. गावातल्या चर्चचं घड्याळ अजून चार-तीनच दाखवत होतं.

"कोण जाणार आत?" देआन्नाने नवऱ्याकडे रोखून पाहत विचारलं. "तू? परवा डॉक्टरने तुला गुडघा वाकवू नको म्हणून सांगितलंय. वर चढशील, आणि उतरवायला आम्ही कुणाला बोलवायचं?"

"माळ्यावर सहाच तर पिंपं आहेत. चार दोरखंड बांधून खिडकीतून सोडली की झालं."

"झालं म्हणे. मोठ्या पिंपात साठ लिटर आहे, लोरिस. त्याच्यासकट तूही खिडकीतून खाली येशील."

"देआन्ना बरोबर बोलतेय," नीवेस पटकन म्हणाली. नेहमी ती देआन्नाच्या बाजूने बोलत नसे. पण या बाबतीत गेले नऊ दिवस दोघींची युती होती आणि दोघींना ती मनातून थोडी खटकत होती.

"हो, तू म्हणणारच," दिर्चे म्हणाली. "पिंपं तुझी, आणि भीतीही तुझीच."

आई सहज बोलली की मुद्दाम, हे नीवेसला गेल्या नऊ दिवसांत एकदाही नीट कळलं नव्हतं.

पिंपं नीवेसची होती हे खरंच होतं. त्या मुलखात घरात मुलगी जन्मली की बाप माळ्यावर तिच्या नावाची पिंपांची रांग मांडायचा, मोठ्यापासून लहानापर्यंत, ओक, चेस्टनट, चेरी, तुती अशा वेगवेगळ्या लाकडांची. मोठ्या पिंपात शिजवलेला द्राक्षरस पडायचा. दर हिवाळ्यात थोडा थोडा पुढच्या लहान पिंपात जायचा, आणि वर्षानुवर्षं मुरत मुरत शेवटच्या पिंपात काळा, दाट सिरका व्हायचा. मुलीचं लग्न झालं की पिंपं तिच्याबरोबर सासरी जायची. नीवेस गेली नाही, तेव्हा पिंपंही राहिली. गावात त्यावरून पुष्कळ थट्टा झाली होती. पण तिच्या परवानगीशिवाय कुणी एक थेंब काढला नाही, कारण ज्या मुलीच्या नावाची पिंपं, तिने हो म्हटल्याशिवाय काढायचं नाही, अशी रीत होती.

"मला काय वाटतं सांगू?" नोएमी म्हणाली. लोरिसची ही मुलगी सातव्या महिन्यात होती. नवरा बोलोन्याला कामावर असल्यामुळे ती आईबापांकडे आली होती आणि उसन्या आणलेल्या गाडीत झोपत होती. "मला पिंपंबिंपं काही नकोत. माझ्या मुलीला पणजी हवी. तेवढं पुरे."

"पणजी काय कायमची पुरणार आहे?" दिर्चे म्हणाली. "तुझ्या मुलीची पिंपं मांडायची तर तिला विरजण लागणार. ते नीवेसच्या शेवटच्या पिंपातच आहे. दुकानातल्या बाटलीतून आणणार आहेस का?"

नोएमी हसली आणि तेवढ्यात माळ्यावरून आवाज आला.

सागरगोटे खेळताना होतो तसा, हलका, टकटक टकटक. माळ्यावरच्या खिडक्या उघड्याच राहिल्या होत्या, त्यामुळे तो अंगणात स्पष्ट ऐकू यायचा. प्रत्येक पिंपाच्या तोंडावर फडकं आणि फडक्यावर नदीतला एकेक चपटा दगड ठेवलेला असे. जमीन माणसाच्या पायाला कळण्याआधी दगडांना कळायची. सगळ्यांचे हात होते तिथे थांबले आणि सगळ्यांनी नीवेसकडे पाहिलं. गेल्या नऊ दिवसांत हे तिचं कामच झालं होतं. तिची खुर्ची भिंतीपासून बरोबर अशा अंतरावर होती की भिंत पडली तर अंगावर येऊ नये, पण दगड वाजले तर ऐकू यावेत.

"लहान आहे," ती म्हणाली. "लहानच आहे."

मग कपातली कॉफी थरथरली, ताडपत्री हलली, आणि थांबलं. देआन्नाने क्रूसाची खूण केली.

"बघा," लोरिस कौतुकाने म्हणाला. "रेडिओपेक्षा आमची ताई बरी. ती नसती तर त्या पहाटे आईचं काय झालं असतं, विचार करवत नाही."

नीवेसने खाली पाहिलं आणि कप गोळा करायला घेतले.

त्या पहाटे काय झालं होतं ते दोन माणसांना माहीत होतं. दगड वाजले आणि ती जागी झाली. घरात नियमच होता, बाबांनी घालून दिलेला, आईने लहानपणापासून घोकून घेतलेला: दगड वाजले की उठायचं, पळायचं, मागे बघायचं नाही. ती उठली, अनवाणी जिन्याकडे पळाली, आईच्या बंद दारावरून पळाली, आणि अक्रोडाखाली येऊन उभी राहिली तेव्हा घर गदगदा हलत होतं. तेव्हा कुठे तिला आई आठवली. हलायचं थांबलं. ती तशीच उभी राहिली. पाय उचलेना. दोन-तीन मिनिटांनी दिर्चे काठी टेकत, केसांत चुना घेऊन, एकटी दाराबाहेर आली. त्याच वेळी लोरिस रस्त्यावरून धावत आला आणि "आई, कुणी आणलं तुला?" म्हणून ओरडला. दिर्चे म्हणाली होती, "नीवेसने. दुसरं कोण आणणार?"

तेव्हापासून देआन्नाने ही गोष्ट सगळ्या गावाला सांगितली होती. पोस्टातल्या जुन्या बाया येऊन नीवेसचे हात हातात घेऊन गेल्या होत्या. दर वेळी तिला वाटायचं, आता सांगावं. दर वेळी ती म्हणायची, "छे, त्यात काय."

कप घेऊन ती विहिरीकडच्या नळाशी गेली. मागे लोरिस आणि देआन्ना यांचं गुडघ्यावरून पुन्हा जुंपलं होतं आणि भांडत भांडत ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपर्यंत गेले. मग इंजिनिअरला वळण सापडणार नाही म्हणून लोरिस रस्त्यावर जाऊन उभा राहिला. नोएमी गाडीत पाय वर करून पडली. नीवेस कप धूत होती, पण कान वर होते. दगड गप्प होते. पुन्हा पुन्हा धुतलेला कप तिने चौथ्यांदा धुतला.

परत आली तेव्हा आरामखुर्ची रिकामी होती.

"आई कुठंय?" तिने देआन्नाला विचारलं.

"तुझ्याकडेच आली ना? काठी घेऊन निघाली, मला वाटलं नळावर गेली."

स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. उंबऱ्याशी, भिंतीला टेकवून, काठी ठेवलेली होती. जिना चढायचा असला की दिर्चे काठी खालीच ठेवायची, कारण तिला दोन्ही हातांनी कठडा धरावा लागे.

देआन्ना रस्त्याकडे वळली. "अगं बाई. लोरिसला हाक मारते."

"नको," नीवेस म्हणाली. "तो आला तर तोही आत जाईल."

"मग?"

नीवेस दारापर्यंत गेली. आतून गार, चुन्याचा वास येत होता. गेल्या नऊ दिवसांत घरात सगळे पळत जाऊन पळत आले होते. लोरिस, देआन्ना, शेजारचा पोरगासुद्धा. तीच एकटी गेली नव्हती. "तिने एकदा आईसाठी जीव धोक्यात घातलाय, आता तिला नका पाठवू," असं देआन्नाच म्हणायची, आणि नीवेस ते ऐकून घ्यायची.

"आई," तिने हाक मारली. दिर्चेला डाव्या कानाने ऐकूच येत नव्हतं आणि उजव्याने मनात असेल तेवढंच.

वर माळ्यावर कुणीतरी हलल्याचा, लाकूड करकरल्याचा आवाज आला. बाकी काही नाही. नीवेस उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होती. दगड गप्प होते. मिनिटभर, दोन मिनिटं, अगदी गप्प. तिला वाटलं, बरं आहे, आत्ताच एक येऊन गेलाय, लगेच दुसरा यायचा नाही. आणि येणार असला तर कळेलच, दगड सांगतील, निदान पळायला वेळ मिळेल. पळताना या वेळी आईला बरोबर घ्यायचं, एवढंच लक्षात ठेवायचं. असं स्वतःला समजावत, भिंतीला हात न लावता, जीव मुठीत धरून ती जिना चढली. आईच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर छताचं ढेकूळ पडलं होतं, उशीच्या जागी. ते बघून ती थांबली, पण दगड गप्प होते, म्हणून ती आणखी एक जिना चढली.

माळ्यावर मे महिन्याचं ऊन शिरलं होतं. छपराच्या दहाबारा कौलांच्या जागी आकाश दिसत होतं. सिरक्याचा गोड, आंबट, जुना वास नाकात बसला. भिंतीकडे मोठं पिंप, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान, आणि खिडकीपाशी शेवटचं, जेमतेम कळशीएवढं, त्याच्या फळीवर तापल्या सळईने कोरलेलं 'नीवेस १९५१'. त्या शेवटच्या पिंपाशेजारी स्टुलावर दिर्चे बसली होती. हातात काचेची नळी, मांडीवर रिकामी बरणी.

"आई, उठ. आत्ताच्या आत्ता."

"आलीस?" दिर्चे म्हणाली. "बरं झालं. मी थांबलेच होते."

नीवेसचं लक्ष पिंपांच्या तोंडाकडे गेलं. फडकी होती. दगड नव्हते. सगळे सहा दगड खिडकीच्या चौकटीत ओळीने मांडून ठेवले होते, लहानाकडून मोठ्याकडे, नीट.

"दगड का काढलेस?"

"पडले असते की. एखादा खाली पडून पिंपाची फळी फुटली असती तर? आल्या आल्या आधी तेच काम केलं."

"आल्या आल्या." नीवेसचा आवाज चोरासारखा झाला. "म्हणजे मी खाली उभी होते तेव्हा..."

"मगाशी हललंही जरासं. तुला नाही कळलं? मला पायाला कळलं."

नीवेसने तुळई धरली आणि लगेच सोडली. म्हणजे उंबऱ्यावर उभी राहून ती काय ऐकत होती? काही नाही. ज्या गप्प दगडांच्या भरवशावर ती दोन जिने चढून आली, ते दगड चौकटीत गप्प बसवून ठेवलेले होते. आता खाली हललं तर सांगणारं कुणी नव्हतं. तिला इतकी भीती वाटली की हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडू आलं.

"रडू नको, सिरक्यात पडेल," दिर्चे म्हणाली. "हो म्हण आधी."

"काय?"

"पिंप तुझं आहे. तुला विचारल्याशिवाय काढता येत नाही. खाली विचारलं असतं तर तू देआन्नाकडे बघितलं असतंस. हो म्हण, बरणी भरते, आणि निघू."

"हो. हो, काढ. काढ आणि चल."

दिर्चेने नळी पिंपात घातली, वरच्या टोकावर बोट दाबलं, नळी बाहेर काढली आणि बरणीत सोडली. काळा, दाट रस अगदी सावकाश खाली उतरत होता. नीवेसला वाटलं, जगात इतकं सावकाश काही नसेल. तिने जमिनीकडे पाहिलं. पायांनी काही कळतंय का ते बघत राहिली. आणि ते बघता बघता, वेळ नाही, जागा नाही, तरी तिच्या तोंडून निघून गेलं.

"त्या पहाटे तू खोटं का बोललीस?"

दिर्चेने नळी पुन्हा बुडवली. "लोरिस घाबरलेला. तेव्हा त्याला काय सांगायचं? आणि पळायचं मीच शिकवलं होतं तुला. दगड वाजले की पळ, मागे बघू नको. चार वर्षांची होतीस, पळायचा सराव करून घेतला होता. शिकवलेलं केलंस म्हणून रागवू?"

"रागावली नाहीस?"

दिर्चेने नळी बरणीवर निथळू दिली. मग म्हणाली, "पलंगावर उठून बसले होते. तुझे पाय दारापाशी आलेले ऐकू आले, माझ्या बऱ्या कानाला. वाटलं, दारावर एक थाप मारशील. आत नाही आलीस तरी थाप मारशील. मग पाय पुढे गेले." तिने बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं. "रागावले नाही. वाईट वाटलं."

नीवेसने आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं.

"पिंपही घे," दिर्चे म्हणाली. "ते लहान. तेवढं उचलेल तुला."

"पिंप राहू दे."

"एकसष्ट वर्षं मुरलंय. तू जन्मलीस त्या दिवशी तुझ्या बापाने, चिखलात, सायकलवरून..."

नीवेसने पिंप उचललं. वाद घालण्यात जाणारा प्रत्येक क्षण तिला अंगावर मोजता येत होता. पिंप छातीशी धरून ती पुढे झाली. दिर्चेने बरणी ॲप्रनच्या खिशात घातली, जाता जाता चौकटीतला सगळ्यात लहान दगड उचलून त्याच खिशात टाकला, आणि एक हात लेकीच्या खांद्यावर ठेवून मागोमाग उतरू लागली. एक पायरी, थांबायचं. एक पायरी, थांबायचं. आईच्या खोलीवरून जाताना नीवेसने त्या उघड्या दारावर कोपराने एक थाप मारली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मी मागे आहे," दिर्चे कोरडेपणाने म्हणाली. "आत नाही."

शेवटच्या चार पायऱ्या राहिल्या. नीवेस स्वयंपाकघराच्या फरशीवर उतरली. समोर उघडं दार, दाराबाहेर ऊन, उन्हात तोंडावर हात धरून उभी असलेली देआन्ना. सहा पावलं. आणि तेव्हा काहीच वाजलं नाही. नुसती जमीन तिच्या पायाखालून बाजूला सरकली.

मग सगळ्या घराने आवाज केला. कपाटातली ताटं एकदम बाहेर आली. खांद्यावरचा आईचा हात गेला. नीवेसचे पाय पळाले. तिने पळायचं ठरवलं नव्हतं, पायांनीच ठरवलं. एक पाऊल, दुसरं पाऊल, तिसरं, दार जवळ आलं. सत्तावन्न वर्षांचा सराव होता तो.

तिच्या हातातून पिंप सुटलं. फरशीवर आपटून फुटल्याचा आवाज तिने ऐकला आणि तो वास एकदम वर आला, तिच्या सगळ्या आयुष्याइतका जुना. ती वळली. दिर्चे तिसऱ्या पायरीवर बसकण मारून, दोन्ही हातांनी कठडा धरून बसली होती आणि कठडाच भिंतीतून सुटत होता. तिने लेकीला हाक मारली नव्हती. डोळे मिटले होते. नीवेस काळ्या निसरड्या फरशीवरून घसरत, गुडघ्यावर पडत, तिथवर गेली, आईच्या कमरेला मिठी घातली आणि तिला तशीच ओढत, फरफटत, वाटेत येईल त्याच्याशी धडकत दाराबाहेर घेऊन आली. अक्रोडापर्यंत पोचायच्या आत मागे छप्पर बसलं. माळा पहिल्या मजल्यावर आला, पहिला मजला स्वयंपाकघरावर. धुळीत कुणाला कुणी दिसेना.

पहिला आवाज देआन्नाचा आला. ती सगळ्यांची नावं घेत होती, एकामागून एक, आणि ज्याचं नाव घेतलं त्याने ओ द्यायची होती. नोएमीने दिली. रस्त्यावरून धावत आलेल्या लोरिसने दिली. "दिर्चे," देआन्ना सासूचं नाव घेऊन ओरडली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण तिने ते कधी घेतलं नव्हतं.

"बहिरी एका कानाने आहे," धुळीतून उत्तर आलं.

लोरिस आईपाशी गुडघ्यावर बसला, गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले होते ते विसरून. त्याने आईचे हात, पाय, डोकं चाचपून पाहिलं. मग नीवेसकडे वळला. ती जमिनीवर बसली होती, हात कोपरापर्यंत काळे, ढोपरं फुटलेली.

"पुन्हा तूच," तो रडत म्हणाला. "ताई, दोनदा. दोनदा तू आईला..."

"एकदा," नीवेस म्हणाली.

"अं?"

"आज आणलं. त्या पहाटे मी पळाले होते. आईच्या दारावरून पळाले, एकटी. ती मागाहून आपली आपण आली."

लोरिसने आईकडे पाहिलं. दिर्चे ॲप्रनच्या खिशात हात घालून बरणी फुटली तर नाही ना ते बघत होती. देआन्ना पाण्याची बाटली घेऊन आली, नीवेससमोर बसली आणि तिचे काळे हात धुऊ लागली. नऊ दिवस तिने जी गोष्ट गावभर सांगितली होती, तिच्याबद्दल ती काहीच म्हणाली नाही. हात मात्र फार सावकाश धुतले.

इंजिनिअर दहा वाजता आलाच नाही. बघायला काही उरलंही नव्हतं. फोन लागत नव्हते. शेतांपलीकडे तीन ठिकाणी धूळ उठलेली दिसत होती. लोरिस बोलोन्याला फोन लावत राहिला, शेवटी लागला, आणि नोएमी नवऱ्याचा आवाज ऐकून पहिल्यांदा रडली. दुपारपर्यंत सगळे त्या ताडपत्रीखाली एकमेकांना धरून बसले. नीवेसची खुर्ची तिच्या जागेवर होती, पण आता तिचा उपयोग नव्हता. ऐकायला वर काहीच नव्हतं. केव्हाही येऊ शकेल, सांगितल्याशिवाय, ही भीती सगळ्यांच्याच अंगात बसली होती आणि कुणी कुणाकडे बघितलं तरी ती कमी होत नव्हती.

दिर्चेने बरणी पोळपाटाच्या मधोमध ठेवली. फडकं नीट ताणलं. मग खिशातून तो लहान दगड काढला आणि फडक्यावर ठेवला.

"हे हिचं," ती नोएमीच्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाली. "नीवेसला विचारून घेतलंय."

एक वाजायला पाच मिनिटं असताना तो दगड हलला. टक, टक, टक.

सगळ्यांनी नीवेसकडे पाहिलं. देआन्नाने नोएमीला पकडलं, लोरिस उठून उभा राहिला. नीवेसही उठली होती. पाय आपोआपच उठले होते, आणि समोर मोकळं शेत होतं, झाडं नाहीत, भिंती नाहीत, पळायला पाहिजे तेवढी जागा. ताडपत्री हलायला लागली.

ती आईच्या खुर्चीपाशी गेली, तिच्या बऱ्या कानाच्या बाजूला, आणि खुर्चीच्या हातावर बोटाने थाप मारली.

"ये," दिर्चे म्हणाली.